समतुल्य बिंदू : न दिसणाऱ्या क्षणाचा शोध

(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



ग्रंथालयाच्या व्यासपीठावर रसायनशाळेतला विषय निघावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मराठी वाचकाला हा प्रांत अगदीच परका नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडक यांनी रसायनशास्त्रावर मराठीत ग्रंथ लिहिले. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास कलाभवन उभे राहिले, तेव्हा त्याची धुरा त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाकडे होती. शास्त्र हे लोकभाषेतून लोकांपर्यंत गेले पाहिजे, ही निष्ठा त्या पिढीत होती. त्याच वाटेने जाऊन एका लहानशा, पण विचाराला खाद्य देणाऱ्या प्रश्नाची ओळख येथे करून द्यावयाची आहे. दोन द्रावणे एकत्र येऊन साका खाली बसतो. त्या क्रियेत दोन्ही पक्ष बरोबर फिटले, कोणाचेही कोणाकडे देणे उरले नाही, तो नेमका क्षण कसा ओळखावा? रसायनशास्त्र त्या क्षणाला ‘समतुल्य बिंदू’ म्हणते. तो डोळ्यांना दिसत नाही आणि तरीही शोधावा लागतो.

प्रारंभ एका शब्दापासून करणे इष्ट होईल. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत ज्याला सर्रास ‘टायट्रेशन’ म्हणतात, त्याला परिभाषेत ‘अनुमापन’ असा प्रतिशब्द आहे. प्रतिशब्द अर्थवाही आहे यात शंका नाही. मात्र मूळ शब्दाच्या पोटातली एक गोष्ट त्यात हरवली आहे. ‘तित्र’ हा फ्रेंच शब्द सोन्याचांदीच्या शुद्धतेचे प्रमाण दाखवितो. म्हणजे आपल्याकडे सराफाच्या तोंडी असलेला ‘कस’ हाच त्याचा सख्खा भाऊ. टायट्रेशन म्हणजे मुळात कस लावणे. हा शब्द रसायनशाळेत आला तोही टांकसाळीच्या दारातूनच.

जोझेफ लुई गे-ल्युसॅक हे १८२९ पासून पॅरिसच्या टांकसाळीत मुख्य परीक्षक होते. त्या काळी चांदीचा कस पाहण्याची रूढ रीत अग्निपरीक्षेची होती. चांदीचा तुकडा शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या सच्छिद्र मुशीत तापवावयाचा. शिसे आणि हीण धातू मुशीत शोषले जात आणि शेवटी शुद्ध चांदीचा मणी उरे. तो तोलावयाचा. रीत प्राचीन आणि प्रतिष्ठित होती. पण तिच्यात एक मोठा दोष होता. हिणाबरोबर थोडी चांदीही मुशीत मुरे, थोडी उडून जाई. साहजिकच कस प्रत्यक्षाहून कमी भरे. ज्या राज्याच्या नाण्यांवर व्यापाराचा विश्वास टेकलेला असतो, त्या राज्याच्या टांकसाळीत हजारात दोनचार भागांची चूक ही क्षुल्लक बाब नव्हे. ती दर नाण्याबरोबर वाढत जाणारी हानी होय.

गे-ल्युसॅक यांनी अग्नी सोडून पाण्याचा आश्रय घेतला. १८३२ मध्ये त्यांनी आपली ‘ओली’ पद्धत प्रसिद्ध केली. चांदी नायट्रिक आम्लात विरघळवावयाची आणि तीत ज्याचे बळ माहीत आहे असे मिठाचे पाणी घालावयाचे. चांदी आणि मिठातला क्लोराइड यांचा संयोग होऊन पांढरा सिल्व्हर क्लोराइड तयार होतो. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दह्याच्या कवड्यांसारखा खाली बसतो. बाटली जोराने हलवावी, वरचे पाणी निवळू द्यावे, पुन्हा मिठाच्या पाण्याचा थेंब टाकावा. गढूळपणा आला तर चांदी शिल्लक आहे, न आला तर काम संपले. इतक्या साध्या युक्तीने कसाची चूक हजारात अर्ध्या भागाच्या आत आली.

परंतु निसर्ग इतका सरळ नाही. पुढे युट्रेख्टचे रसायनशास्त्रज्ञ मुल्डर यांनी याच पद्धतीचा बारकाईने अभ्यास करून १८५९ मध्ये एक विलक्षण गोष्ट मांडली. दोन्ही पक्ष बरोबर फिटल्यावर वरच्या निवळ पाण्यात मिठाचा थेंब टाकला तरी किंचित गढूळपणा येतो आणि चांदीच्या द्रावणाचा टाकला तरी तेवढाच येतो. याचा अर्थ काय? समतुल्य बिंदूवर पाण्यात काहीच उरलेले नसते, ही समजूत चुकीची आहे. सिल्व्हर क्लोराइड अत्यल्प का होईना, विरघळतो. २५ अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात त्याचे सुमारे २ मिलिग्रॅम राहतात. म्हणून समतुल्य बिंदूवर चांदी आणि क्लोराइड हे दोन्ही हजर असतात. फक्त दोघांची संख्या समान असते. समतुल्यता म्हणजे अभाव नव्हे, ती समानता होय. हा भेद ज्याच्या ध्यानात आला, त्याला या विषयाचा अर्धा अधिक भाग समजला असे म्हणावयास हरकत नाही.

येथेच दुसराही एक भेद सांगितला पाहिजे. समतुल्य बिंदू हा निसर्गाचा आहे. प्रयोग करणाऱ्याला जेथे ‘झाले’ असे वाटते, तो ‘अंत्यबिंदू’ मनुष्याचा आहे. या दोहोंतले अंतर कमी करणे हाच अनुमापनाच्या साऱ्या इतिहासाचा ध्यास आहे. मोर यांनी १८५६ मध्ये पोटॅशियम क्रोमेट वापरले. क्लोराइड संपताच चांदीचा क्रोमेटशी संयोग होऊन तांबूस विटकरी छटा उमटते. फायान्स यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात साक्याच्या कणांवर चिकटून रंग पालटणारी रंजके पुढे आणली. हे सर्व उपाय डोळ्यांवर विसंबून आहेत. पण द्रावण मुळातच रंगीत असेल, गढूळ असेल, तर डोळ्याने काय करावे?

डोळा हरला तेव्हा विद्युत मदतीस आली. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे विद्युत्भारित घटक, म्हणजे आयन, सुटे होतात आणि विद्युत्प्रवाह वाहून नेतात. ही कल्पना स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८४ च्या आपल्या प्रबंधात मांडली. १९०३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधीच जर्मनीत फ्रिडरिख कोलराऊश यांनी द्रावणांची वाहकता मोजण्याचे शास्त्र घडविले होते. एकाच दिशेने वाहणारा प्रवाह द्रावणात सोडला तर इलेक्ट्रोडांपाशी विघटन होऊन मोजमापच बिघडते. म्हणून त्यांनी क्षणोक्षणी दिशा बदलणारा प्रवाह वापरला आणि सेतूच्या जोडणीत टेलिफोनचा कर्णा बसविला. कर्ण्यातला गुणगुणाट जेथे सर्वांत मंद होई, तेथे मोजमाप साधे. ज्या शास्त्रात कालपर्यंत डोळे ताणून बाटलीकडे पाहात, तेथे आता कान देऊन शांतता ऐकावयाची होती! आज त्या कर्ण्याची जागा आकडे दाखविणाऱ्या यंत्राने घेतली असली तरी तत्त्व तेच आहे.

कोलराऊश यांनी दाखविलेला महत्त्वाचा नियम असा की, विरळ द्रावणात प्रत्येक आयन आपला वाटा स्वतंत्रपणे उचलतो. सोबत कोण आहे यावर तो अवलंबून नसतो. प्रत्येकाची चाल निराळी, म्हणून वाटाही निराळा. अतिविरल द्रावणात २५ अंशांना हे वाटे नेहमीच्या एककात असे आहेत : पोटॅशियम ७३.५, क्लोराइड ७६.३, नायट्रेट ७१.४, चांदी ६१.९, लिथियम ३८.७. या चारपाच आकड्यांच्या बळावर पुढचे सर्व समजते.

बीकरमध्ये पोटॅशियम क्लोराइडचे ०.०१ मोलर द्रावण १०० मिलिलिटर घेतले आहे आणि ब्युरेटमधून ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेट सोडले जात आहे, असे समजावे. समतुल्य बिंदू १० मिलिलिटरला येणार. आरंभी पोटॅशियम आणि क्लोराइड मिळून वाहकता ७३.५ अधिक ७६.३, म्हणजे १४९.८ भाग. आता चांदीचा एकेक आयन येतो, क्लोराइडच्या एका आयनाला घेऊन साक्यात जाऊन बसतो आणि त्याच्याबरोबर आलेला नायट्रेट मागे राहतो. वारीच्या दिंडीतून एक टाळकरी बाहेर पडावा आणि त्याच्या जागी जवळपास त्याच चालीचा दुसरा यावा, तसे हे होते. दिंडीची गती फारशी बदलत नाही. समतुल्य बिंदूपर्यंत वाहकता १४९.८ वरून अवघी १४४.९ वर उतरते. पण क्लोराइड संपला की येणाऱ्या चांदीला साक्यात जाण्यास जोडीदार राहात नाही. चांदी आणि नायट्रेट दोघेही द्रावणातच राहून प्रवाह वाहू लागतात. वाहकता झपाट्याने चढते. २० मिलिलिटरपर्यंत ती २७८.२ होते. आलेख काढला तर जवळजवळ सपाट अशी एक रेषा आणि नंतर उभी चढण दिसते. या दोन रेषा जेथे मिळतात, तो समतुल्य बिंदू.

हे ऐकावयास सोपे असले तरी प्रत्यक्षात चार खोड्या आहेत. पहिली पाण्याची. ब्युरेटमधून आलेल्या द्रावणाने एकूण आकारमान वाढते आणि सगळेच विरळ होते. वरच्या उदाहरणात १० मिलिलिटर पडल्यावर १४४.९ ऐवजी प्रत्यक्ष मोजमाप १३१.७ भरेल. म्हणून प्रत्येक आकड्याला एकूण आकारमान भागिले मूळ आकारमान, म्हणजे येथे ११० भागिले १००, याने गुणावे लागते. ते न केल्यास रेषा सरळ न राहता वाकतात. दुसरा उपाय म्हणजे ब्युरेटमधले द्रावण दहा-वीस पट तीव्र ठेवणे. दुसरी खोडी उष्णतेची. तापमान एका अंशाने वाढले की वाहकता सुमारे दोन टक्के वाढते. पहिल्या रेषेचा सगळा उतार अवघा तीन-सव्वातीन टक्क्यांचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे दोन अंशांची बेफिकिरी तो उतार संपूर्ण झाकू शकते, हे ध्यानात येईल. तिसरी खोडी परक्या क्षारांची. द्रावणात इतर लवणे पुष्कळ असतील तर त्यांच्या वाहकतेच्या कोलाहलात हा लहानसा बदल ऐकूच येत नाही. चौथी साक्याची. तो बसावयास वेळ घेतो, आयनांना आपल्या अंगावर चिकटवून ठेवतो आणि इलेक्ट्रोडांवर लेप चढवितो. म्हणून प्रत्येक भरीनंतर ढवळून, आकडा स्थिरावेपर्यंत थांबावे लागते. घाई या प्रयोगाला मानवत नाही.

आम्ल आणि अल्कली यांच्या अनुमापनात हीच रीत फार सोपी जाते. कारण हायड्रोजन आयनाचा वाटा एकटाच सुमारे ३५० आहे. तो निघून गेल्याचे ताबडतोब कळते. अवक्षेपी अनुमापनात असा कोणी धावपटू नसतो. सारे सारख्याच चालीचे. म्हणून येथे निवड करावी लागते. चांदीच्या द्रावणात क्लोराइड घालावयाचे झाल्यास ते पोटॅशियमचे घ्यावे की लिथियमचे? पोटॅशियमचे घेतले तर चांदीच्या ६१.९ च्या जागी ७३.५ चा पोटॅशियम येतो, वाहकता १३३.३ वरून १४४.९ वर चढते आणि पुढे अधिक चढते. चढणीनंतर चढण! लिथियमचे घेतले तर त्याच जागी ३८.७ चा मंद लिथियम येतो, वाहकता १३३.३ वरून ११०.१ वर उतरते आणि समतुल्य बिंदूनंतर वर जाते. उतार संपून चढ लागतो, तो वळसा स्पष्ट दिसतो. येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. दोन्ही रेषांच्या उतारांतला फरक दोन्ही प्रयोगांत सारखाच, १३८.२ भागांचा असतो. कारण तो चांदी आणि क्लोराइड या साक्यात जाणाऱ्या जोडीच्या बेरजेइतका असतो. लिथियम निवडल्याने हा फरक वाढत नाही. भोवतालचा गलबला तेवढा कमी होतो, म्हणून तो अधिक उठून दिसतो. साक्याच्या निर्मितीत प्रत्यक्ष भाग न घेणाऱ्या साथीदाराचीही निवड विचारपूर्वक करावी लागते, असा याचा इत्यर्थ.

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळू या. आलेखावर समतुल्य बिंदूजवळचे आकडे पाहिले तर तेथे टोकदार कोन सापडत नाही, गोलाई सापडते. मुल्डर यांनी दाखविलेली तीच गोष्ट येथे पुन्हा समोर येते. त्या बिंदूच्या आसपास साक्याचा थोडा भाग विरघळलेला असतो आणि ते जास्तीचे आयन वाहकता किंचित वाढवितात. ०.०१ मोलर द्रावणात हा विरघळलेला भाग एकूणाच्या हजारात सुमारे एक, म्हणून गोलाई नाममात्र. पण द्रावण शंभरपट विरळ केले तर हाच भाग शेकडा १३ इतका होतो आणि कोन पुसट होत जातो. याउलट समतुल्य बिंदूपासून दूर, जेथे दोहोंपैकी एक पक्ष भरपूर आहे, तेथे त्या आधिक्याने साक्याचे विरघळणे दाबले जाते. म्हणून तेथले आकडे प्रामाणिकपणे सरळ रेषेत बसतात. यावरून रीत अशी ठरते : बिंदूच्या अगदी जवळचे आकडे रेषा काढताना धरू नयेत. अलीकडचे दूरचे आकडे जोडून एक रेषा, पलीकडचे दूरचे आकडे जोडून दुसरी रेषा. त्या पुढे वाढवाव्यात आणि त्यांचा छेद घ्यावा. ज्या बिंदूचा शोध घ्यावयाचा, त्याच्या निकटची साक्ष बाजूस ठेवून दूरच्या साक्षींवरून त्याचे स्थान ठरवावयाचे, हे प्रथमदर्शनी उलटे वाटते. परंतु कारण समजल्यावर तेच युक्त ठरते. कोल्थॉफ यांचा या पद्धतीवरील जर्मन ग्रंथ १९२३ मध्ये निघाला. तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या पिढ्या याच रेषा काढीत आल्या आहेत.

या ज्ञानाचा लोकव्यवहाराशी संबंध काय, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. गोवा आणि कोकणच्या किनाऱ्यावर ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना तो विचारावा लागत नाही. चैत्र-वैशाखात समुद्राजवळच्या किंवा खाडीकाठच्या विहिरीचे पाणी मचूळ लागू लागले की घरात काय अडचण होते, हे तेथल्या गृहिणी जाणतात. जिभेला मचूळ लागते, एवढ्यावर निर्णय करता येत नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. अशा विहिरीचे १०० मिलिलिटर पाणी घेतले आणि ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेट सुमारे ७ मिलिलिटर लागले, तर पाणी २५० च्या सीमेवर आहे. तेथे अर्ध्या मिलिलिटरची चूक म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅमची चूक. सीमेवरच्या विहिरीला योग्य म्हणावे की अयोग्य, हे त्या दोन रेषा किती सचोटीने काढल्या यावर ठरेल. पाणी गढूळ किंवा रंगीत असल्यास डोळ्यांची पद्धत फसते, तेथे वाहकता उपयोगी पडते. मात्र पाण्यात इतर क्षार फार असल्यास तिचीही धार बोथट होते, हेही विसरता कामा नये. प्रत्येक पद्धतीला आपली मर्यादा माहीत असणे, हेच तिच्या विश्वसनीयतेचे लक्षण.

या संदर्भात एक नैतिक प्रश्नही आहे. उत्तर किती यावयाचे हे आधीच ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याला एखादा आकडा इकडचा तिकडे सरकविण्याचा, दोन रेषा इष्ट ठिकाणी भेटतील अशा ओढण्याचा मोह होतो. कारण आलेखाच्या कागदावर पट्टी थोडीशी तिरपी धरली की बिंदू सरकतो आणि कोणाला कळतही नाही. प्रयोगशाळेच्या वहीत त्याने एकदोन गुण वाढतील. परंतु तोच विद्यार्थी उद्या एखाद्या गावच्या विहिरीचे पाणी तपासावयास बसला, तर तिरपी धरलेली पट्टी त्या गावच्या घागरीत उतरते. अनुमापनाचे खरे शिक्षण आकड्यांत नाही. मिळालेला आकडा जसा आहे तसा लिहिण्याच्या सवयीत आहे. ज्याला हे साधले तो बावनकशी.

ग्रंथालयाचा आणि या विषयाचा एक आंतरिक संबंधही सुज्ञांच्या लक्षात आला असेल. एखाद्या काळाचे सत्य त्या काळाच्या कोलाहलात उभे राहून नेमके कळत नाही. अलीकडची आणि पलीकडची साक्ष जपून ठेवावी लागते, तिच्या रेषा धीराने पुढे वाढवाव्या लागतात. ती साक्ष जपण्याचे काम शंभर वर्षे ज्या संस्थेने केले, तिच्या कपाटांत कवितेशेजारी रसायनशास्त्रालाही अशीच जागा मिळत राहो आणि मराठीतून शास्त्र वाचणारे वाचक या ग्रंथालयाला पुढच्या शतकातही लाभोत, ही सदिच्छा व्यक्त करून हे भाषण येथे पूर्ण होत आहे.